बोटं मुरबाडला, छाती किन्हवलीला

वहिनींची बोटं मुरबाडच्या डॉक्टरांकडे असतात आणि छाती किन्हवलीच्या. हे आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त त्या दोन डॉक्टरांना.

त्यामागे इतिहास आहे. बोटं सुजायला लागली तेव्हा वहिनी सासरी, म्हणजे इथे धसईत होत्या. दादांनी मोटारसायकलवर बसवून मुरबाडला नेलं. धाप पहिल्यांदा लागली ती माहेरी, भाचीच्या हळदीत. तिथून भावाने किन्हवलीला नेलं. तेव्हापासून बोटांचा खर्च सासरचा आणि छातीचा माहेरचा अशी वाटणी होऊन बसली, आणि वाटणी एकदा झाली की ती मोडायची कुणी? फायलीही दोन. बोटांची कपाटात, छातीची माहेरच्या पेटीत.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली नर्स. नोकरी सुटली तरी 'नर्सबाई' सुटली नाही. सल्ल्याला पैसे पडत नाहीत म्हणून दोन घरांमधल्या वईवर रोज सकाळी बाह्यरुग्ण विभाग भरतो. वई निरगुडीची. वहिनी पाला खुडत बोलतात, कारण तो उकळून शेकायला लागतो, आणि मी माझ्या बाजूने भांडी घासत ऐकते.

परवा सकाळी पलीकडून भाकरी थापल्याचा आवाजच आला नाही.

"काय वहिनी, आज भाकऱ्या बंद?"

"सूनबाईनं केल्या. उकड मळायला गेले तर मूठच वळंना. दहा वाजेस्तोवर बोटं माझी नसतात."

"दहापर्यंत? उठता किती वाजता?"

"पाचला."

हे 'दहापर्यंत' मी लक्षात ठेवलं. गावात ज्याला त्याला वात असतो. गुडघा दुखला वात, मान धरली वात, पोर चिडलं तरी वात. पण वयाने झिजलेला गुडघा सकाळी जरा अडखळतो, दहा-पंधरा मिनिटं चाललं की सुटतो आणि संध्याकाळी पुन्हा कुरकुरतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं उलटं. तो सकाळीच पकडतो आणि तास-दोन तास सोडत नाही. दोन्ही हात एकदम धरतो. बोटांची मुळं आणि मधली पेरं सुजवतो, नखाजवळचं शेवटचं पेर बहुधा सोडून देतो. वहिनींच्या हाताकडे बघा. बांगडी मनगटावरून वर जात नाही आणि अंगठी तर त्यांनी कधीच साबण लावून काढून ठेवली.

आणि हा आजार तसा विरळा. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी 1996 पासून भिगवणला घरोघर फिरून पाहणी केली. चार हजारांवर मोठ्या माणसांना विचारलं. शंभरातल्या अठरा जणांचं हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखत होतं; खरा ऱ्हुमॅटॉइड निघाला तो साधारण दोनशेत एकाला. म्हणजे वातवाल्यांच्या गर्दीत खरी आजारी बाई दडून जाते. बायकांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, आणि येतो तोही ऐन कामाच्या वयात. वहिनींना चाळिशीत आला. तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, पाळी जाताना असं होतंच.

तेवढ्यात वाऱ्याने धूर आणला. समोरच्या माळावर कुणीतरी राब पेटवला होता. शेण, पालापाचोळा, तणस जाळून भाताच्या रोपांची जागा भाजून घ्यायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वहिनींना खोकल्याची उबळ आली. वईला धरून उभ्या राहिल्या.

"रात्री पण उठून बसले होते," थोड्या वेळाने म्हणाल्या.

"शिट्टी वाजते का छातीत?"

"पहिली वाजायची. भाचीच्या लग्नात, लावणीच्या दिवसांत. आता नाय वाजत. आता नुसताच दम जातो. फुंकणीनं चूल पेटवायला गेले तर फुंकर अर्ध्यावर संपते."

"हे किन्हवलीला सांगितलं?"

"सांगितलं ना. त्यांनी पंप बदलून दिला."

"आणि बोटांचं?"

"छातीच्या डॉक्टरला बोटांचं कशाला सांगू? हसतील ना मला."

इथे मी भांडी ठेवली आणि वईला येऊन टेकले.

"वहिनी, मुरबाडच्यांना धाप सांगितलीत?"

"त्यांना काय करायचीय माझी धाप? ते हाडांचं बघतात."

मग पदराच्या गाठीतून एक कागदी पुडी निघाली. आवाज आपोआप खाली आला, म्हणजे आता खऱ्या गप्पा सुरू झाल्या. म्हशाच्या जत्रेला दादा गेले होते घोंगडी आणायला, ते आले पुड्या घेऊन. रोज सकाळी एक, मधातून. तिसऱ्या दिवशी वहिनींची मूठ वळली. चौथ्या दिवशी त्या विहिरीवरून कळशी घेऊन न थांबता आल्या. भूक लागायला लागली. महिन्याभरात गाल वर आले, तर जाऊबाई म्हणाल्या, बरी दिसतेस. आणि आता पुड्या संपत आल्या, दादा एक आड एक द्यायला लागले, तसं पुन्हा सगळं मागच्या पानावर.

"नर्सबाई, एकाच पुडीनं बोटं पण सुटली नि दम पण. मग ह्यो एकच रोग ना? दोन दोन डॉक्टर कशाला?"

बाई शाळेत चौथीपर्यंत, पण प्रश्न असा की मोठ्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी विचारावा. अर्धा बरोबर आहे म्हणून तर अवघड.

पुडीवर नाव नाही, गाव नाही, औषधाचा पत्ता नाही. आपलं धसई 1 डिसेंबर 2016 ला महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, वडापाववाल्यापर्यंत कार्ड घासायची यंत्रं आली. पुडीवाल्याला मात्र रोखच हवी होती, आणि दादांनी बिल मागितलं तर तो हसला म्हणे. आत काय आहे हे प्रयोगशाळेशिवाय कुणी छातीठोक सांगू नये. पण तीन दिवसांत मूठ वळते, दम उतरतो, भूक खवळते आणि तोंड चंद्रासारखं गोल होतं, अशी जडीबुटी माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि ती झाडाला लागत नाही. स्टिरॉइड. असल्या पुड्यांत ते कुटून घातलेलं कितीदा तरी सापडलेलं आहे.

याची गोष्ट मी वहिनींना सांगितली, कारण ती गोष्ट मला स्वतःला आवडते. सप्टेंबर 1948. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एक तरुण बाई ऱ्हुमॅटॉइडने आखडून खाटेला खिळलेली. डॉ. फिलिप हेंच यांनी तिला कॉर्टिसोनची इंजेक्शनं सुरू केली. काही दिवसांत ती उठून चालायला लागली, दुकानात खरेदीला गेली. 1950 ला हेंच आणि आणखी दोघा संशोधकांना नोबेल मिळालं. मग तेच औषध दम्याला देऊन बघितलं, तिथेही चाललं. म्हणजे तुमच्या पुडीवाल्याने नवीन काही शोधलेलं नाही, त्याने फक्त नाव पुसलं. आणि हेंच यांच्या पेशंटांनाही पुढे तेच भोगावं लागलं जे नाव पुसलेल्या पुडीने होतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो, दडलेला क्षय डोकं वर काढतो.

"मग आजच चुलीत टाकते ही पुडी."

"थांबा!"

मी इतक्या जोरात म्हटलं की सूनबाई दारात आली. कितीतरी आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचा आळस करतं. ते अचानक तोडलं तर उलट्या, गळाठा, रक्तदाब धाडकन खाली. माणूस जाऊही शकतं. म्हणून पुडी फेकायची नाही. उरलेल्या आहेत त्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या, किती दिवस घेतल्या ते सांगायचं आणि ते म्हणतील तसं उतरवत आणायचं. डॉक्टरही स्टिरॉइड देतात, नाही असं नाही. पण मोजून, आणि दुसऱ्या औषधाचा जोर येईपर्यंत. पंपातही असतं, पण ते मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट फुप्फुसात. पंपाला लोक घाबरतात, सवय लागते म्हणतात, आणि पुड्या मधातून चाटतात.

एकच रोग का, हा प्रश्न मी टाळला नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःवरच उठते. उठते ती सांध्यांच्या अस्तरावर, म्हणून आपण त्याला सांध्यांचा आजार म्हणतो. पण ती रक्तातून फिरते आणि फुप्फुसाच्या दारातही जाते. कधी फुप्फुसाच्या बारीक नळ्या सुजून अरुंद होतात, तेव्हा हुबेहूब दमा वाटतो. कधी नळ्या फुगून सैल पडतात आणि बेडका साठत राहतो. कधी फुप्फुसाभोवती पाणी होतं. आणि कधी फुप्फुसाचं मऊ जाळंच हळूहळू चिवट होत जातं. त्यात शिट्टी वाजत नाही, कोरडा खोकला येतो आणि चालताना दम जातो. दर दहा ऱ्हुमॅटॉइडवाल्यांत साधारण एकाला हा शेवटचा प्रकार त्रास देण्याइतका होतो. गळ्यातल्या स्वरयंत्रातसुद्धा चिमुकले सांधे आहेत, ते सुजले तर आवाज घोगरा होतो आणि श्वास आत घेताना घशात आवाज येतो. त्यालाही बाहेरून कुणी दमाच म्हणेल.

वहिनींना दम्याचा वारसा आहे हेही खरं. आई दमेकरी. तिला मृगाच्या दिवशी हैदराबादला मासा गिळायला नेलं होतं, त्या प्रवासाच्या गोष्टी वहिनी अजून सांगतात. माशापेक्षा चारमिनारच्या जास्त. तेव्हा दमा आधीचा असू शकतो, वर संधिवाताने फुप्फुस धरलेलं असू शकतं, आणि दोन्हीही असू शकतं. पहिली शिट्टी वाजायची आणि आता नाही, हे मला काही बरं लक्षण वाटलं नाही.

आतून जुना स्टेथोस्कोप घेऊन आले. वईवरूनच त्यांना पाठमोरं उभं केलं. दम्याची घरघर श्वास सोडताना ऐकू येते. वहिनींची ऐकू आली नाही. पाठीला अगदी खाली लावला आणि म्हटलं, खोल श्वास घ्या. आत घेतलेल्या श्वासाच्या शेवटी बारीक चर्रर्र झालं, पोरांच्या दप्तराचा चिकटपट्टा ओढल्यावर होतं तसं. डॉक्टर लोक पण त्याला वेल्क्रोचाच आवाज म्हणतात. पुन्हा ऐकलं. दोन्ही बाजूंना होतं. मग बोटांची नखं बघितली, मुळाशी फुगलेली नाहीत ना म्हणून. नव्हती. नर्सने ऐकलं म्हणजे निदान झालं असं नाही, आणि मी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. पण वहिनी नर्सच्या शेजारी इतकी वर्षं राहिल्यात.

"काय ऐकलं?"

"पुढच्या डॉक्टरने पण ऐकायला हवं असं काहीतरी."

तेवढ्यात आबा आले, वहिनींचे थोरले दीर. कानामागे बिडी. यांचं नाव निघालं नव्हतं तरी यांची कथा वेगळी नाही. खडी मशीनवर आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी गुडघे-मनगटं सुजली, आणि खोकला तर इतका जुना की तो थांबला तर घरचे घाबरतील. मध्ये कुठेतरी एक्स-रेवर डाग दिसला म्हणून क्षयाच्या गोळ्याही चालू झाल्या होत्या. थुंकीत जंतू काही सापडले नाहीत.

दगडाची बारीक धूळ आणि हा संधिवात यांचं नातं जुनं आहे. 1953 ला वेल्समधल्या कोळसा खाणीतल्या कामगारांचे एक्स-रे तपासताना डॉ. कॅप्लन यांना दिसलं की ऱ्हुमॅटॉइड असलेल्या खाणकामगारांच्या फुप्फुसात गोल गोल गाठी उठतात. पुढे स्वीडनमध्ये दिसलं की दगड फोडणाऱ्यांना, छेदणाऱ्यांना हा संधिवातच जास्त होतो, आणि धूळ नि तंबाखूचा धूर दोन्ही असेल तर आणखी. खडी मशीनवर काम करणाऱ्या आपल्या माणसांच्या सांध्यांकडे कुणी या नजरेने बघतं का? त्यांना फक्त क्षयासाठी बघतात, तेही धाप लागल्यावर. आणि गंमत बघा, संधिवात बायकांना जास्त, पण संधिवातात फुप्फुसाचं जाळं चिवट होण्याचा प्रकार पुरुषांना जास्त. आबा दोन्हीकडून सापडतात.

"बिडीनं सांधे कसे दुखतील? बिडी काय गुडघ्यानं ओढतो का मी?" आबा म्हणाले.

आळीत त्यांच्या विनोदांना दाद मिळते. मी दिली नाही.

बिडीने सांधे दुखतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या डॉ. क्लारेस्कोग यांनी 2006 ला जे मांडलं ते असं. धुराने फुप्फुसातली काही प्रथिनं बदलतात. ज्यांच्या रक्तात आईबापाकडून विशिष्ट जनुकं आलेली असतात, त्यांचं शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं करायला लागतं. ही प्रतिपिंडं रक्तात सापडतात तेव्हा सांधे धडधाकट असतात. पहिलं बोट सुजायला त्यानंतर कित्येक वर्षं लागू शकतात. म्हणून आता बऱ्याच डॉक्टरांना वाटतं की निदान काही जणांत तरी हा आजार सांध्यात नाही, फुप्फुसात सुरू होतो. बोटं फक्त बातमी उशिरा देतात.

एके काळी उलटं शिकवायचे. दम्याची सूज एका जातीची, संधिवाताची दुसऱ्या, एक असेल तर दुसरी सहसा नाही, असं. अनुभव वेगळा येत गेला. यातली एक पाहणी तर माझ्या जातभाईंची, म्हणजे जातबहिणींची. अमेरिकेत 1976 पासून हजारो नर्सा दर दोन वर्षांनी आपल्या तब्येतीचा फॉर्म भरून पाठवतात, न चुकता. दोन लाखांवर नर्सांच्या या माहितीतून 2020 च्या सुमाराला निघालं की दमा असलेल्यांना पुढे ऱ्हुमॅटॉइड व्हायचा संभव दमा नसलेल्यांच्या दीडपट, आणि सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असलेल्यांना जवळजवळ दुप्पट. ज्यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही अशांतही दम्याचं हे नातं टिकलं. दीडपट ऐकून घाबरू नये. मुळात दोनशेत एक. त्याचा दीडपट म्हणजे दोनशेत दीड. दमेकऱ्यांतल्या बहुतेकांना संधिवात होत नाही. पण ज्याला दमा आहे त्याची सकाळची बोटं आखडायला लागली तर ती गंमत म्हणून सोडू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

"मी कुठं बिडी ओढते?" वहिनींनी विचारलं.

मी त्यांच्या चुलीकडे बोट केलं. उज्ज्वला योजनेचा सिलेंडर आहे घरात. त्यावर विणलेलं कव्हर आहे, वर देवीचा फोटो. चहा त्यावर होतो, पाहुणे आले तर भाजी. भाकरी, आंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण सगळं चुलीवर, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांवर. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी डॉ. बार्न्स यांच्याबरोबर 2009 ला 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं तेव्हा कुठे जगाच्या लक्षात आलं की सीओपीडी फक्त सिगारेटवाल्यांचा नाही. चुलीपुढे बसणाऱ्या, कधी बिडीला हात न लावलेल्या बायकांचाही आहे. चुलीच्या धुराने संधिवात होतो असं मी म्हणत नाही, तेवढं पक्कं अजून कुणी दाखवलेलं नाही. पण संधिवाताने पकडलेल्या फुप्फुसाला वर चुलीचा धूर कशाला?

"सिलेंडरची भाकरी चिवट होते," सूनबाई दारातून म्हणाली. हा वाद आमच्याकडेही आहे, तो मी तिथेच सोडला.

आता वहिनींना त्यांच्या किन्हवलीच्या आत्याची आठवण झाली, कारण गप्पांत एक आजारी निघाला की दुसरा येतोच. आत्या दमेकरी, नाकात कोंब वाढलेले, वास येत नाही. पाठ धरली म्हणून शेजारणीने स्वतःची दुखण्याची गोळी दिली. तासाभरात आत्याचे ओठ निळे. वाफ देऊन, इंजेक्शन देऊन वाचवलं. लोक म्हणाले, गोळी एक्सपायर झालेली असणार.

गोळी चांगली होती. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन आणि त्याच जातीच्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, अजिबात चालत नाहीत. मोठ्या माणसांतल्या दर चौदा-पंधरा दमेकऱ्यांत एखादा असा निघतो. नाकात कोंब असतील तर जास्तच सांभाळावं. पॅरिसच्या डॉ. विडाल यांनी हे 1922 लाच लिहून ठेवलंय. शंभर वर्षं झाली. म्हणून संधिवाताच्या डॉक्टरला दमा ठाऊक असणं किती जरुरीचं बघा. तो दुखणं थांबवायला जी गोळी लिहितो तीच छातीवर उलटू शकते. आणि उलटं पण आहे. संधिवाताची मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. क्वचित कुणाला तिच्यामुळे फुप्फुसाला सूज येते; ताप, कोरडा खोकला, धाप, काही दिवसांत. अशा वेळी छातीच्या डॉक्टरला ती गोळी चालू आहे हे ठाऊकच नसेल तर तो न्यूमोनिया समजून औषध देत बसेल.

"ती मला पण दिलीय," वहिनी म्हणाल्या. "पिवळी."

"रोज घेता?"

"सांगितलं होतं दर सोमवारी. पण जाऊबाई बोलली, दुखतंय तर रोज घे, काय होतंय."

"घेतलीत?"

"दोन दिवस. मग तोंड आलं म्हणून सोडली."

देवाची कृपा आणि तोंडाची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर तोंडाला फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात आणि माणसं दगावलेली आहेत. सोमवार तर सोमवार, आणि दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. पण तोंड आलं म्हणून ती कायमची सोडणं हाही तोटाच; याच गोळीने पुढे बोटं वाकडी होणं थांबतं, आणि नीट घेतली तर बहुतेकांच्या फुप्फुसाला ती वाईट नाही. तेव्हा सोडायची का चालू ठेवायची हे जाऊबाईंनी नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. जाऊबाई पलीकडच्या पडवीत होत्या. ऐकत होत्या, हे मला दिसत होतं. म्हणून जरा मोठ्यानेच म्हटलं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वहिनींची सकाळ कशी जाते ते मला ठाऊक, रात्र कशी जाते ते मला ठाऊक, त्यांच्या आईचा दमा ठाऊक, पुडी ठाऊक, सोमवारची गोळी ठाऊक. वईवर सगळं एकत्र येतं. दवाखान्यात माणूस अवयवानुसार जातं आणि रांगेत दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत त्याच अवयवाचं बोलून परत. डॉक्टर विचारत नाहीत हे खरं, पण आपणही सांगत नाही, कारण आपल्याला वाटतं हे त्यांचं खातं नाही. तलाठ्याकडे पाण्याच्या मीटरची तक्रार करत नाहीत, तसं.

मग आम्ही कालनिर्णयचं मागचं पान फाडलं. जानेवारीचं, आता लागायचं नव्हतं. मी लिहायला बसले, वहिनी सांगायला. बोटं कधीपासून, सकाळी किती वाजेपर्यंत. धाप कधीपासून, किती पावलांवर, शिट्टी कधीपासून बंद. आईचा दमा. चूल. पुड्या किती, कुठून. मेथोट्रेक्सेट कधी सुरू, रोज घेतलेले ते दोन दिवस. पंपाचं नाव. दुखण्याच्या कोणत्या गोळीने काय झालं. दोन्ही फायली एका पिशवीत. हे पान मुरबाडच्या डॉक्टरांना वाचायला द्यायचं, वाचून होईपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी आणि एक्स-रे तर करूच. फुप्फुसाचा बारकाईचा सीटी लागला तर कल्याण नाहीतर उल्हासनगर. संधिवाताचा वेगळा विभाग मुंबईत परळच्या केईएमला आहे, तिथली चिठ्ठी मागून घ्यायची. मुरबाडला रेल्वे येणार येणार म्हणून आमचे केस पांढरे झाले, तेव्हा कल्याणपर्यंत एसटीच.

"आबांना पण न्या."

"मला काय झालंय?" आबा खोकले.

"तुम्ही सोबतीला. तुमचा पण एक्स-रे होऊन जाईल."

"तिकीट?"

"आम्हा बायकांना 2023 पासून अर्धं. तुम्हाला पूर्ण. तुमच्या बंडलांतून काढा."

आबांनी कानामागची बिडी हातात घेतली, पेटवली नाही, आणि गोठ्याकडे गेले. गोठ्यामागून धूर आला का ते मी बघितलं नाही.

"नर्सबाई, म्हशीचं काय?" वहिनींना खरी काळजी आता सुचली.

"सूनबाई काढेल धार."

"तिला लाथ मारते."

"दादा?"

"त्यांना तर दोन मारते. माझ्याच हाताला उभी राहते, पण परवा माझ्याच्यानं पण कास धरवली नाय. अर्धी धार सोडून उठले."

"म्हणजे तशीही ती आता तुमच्या हातून निघणार नाही. जाऊबाईंना शिकवा दोन दिवस. बुधवारची पहिली गाडी धरायचीय."

पडवीतून जाऊबाईंचा आवाज आला, की मला कुणी विचारलंय का.